तीन टक्के वाचले

२ मार्च
आईसाठी चाकांची खुर्ची घ्यायची. बॅटरीवर चालणारी, इंटरनेटवर एक जुनी सापडली आहे. आई आठ महिने घराबाहेर पडलेली नाही. पैसे तिचेच, जबाबदारी माझी. ताई म्हणाली, दुकानातून घे. ताईला व्यवहार कळत नाही. मी एकतीस वर्षं बँकेत काढली आहेत.

३ मार्च
ॲपमध्ये पैसे पाठवायचे दोन मार्ग. 'खरेदी': तीन टक्के फी, वस्तू आली नाही तर पैसे परत. 'घरचे-ओळखीचे': फी शून्य, हमीही शून्य. घाई नको. तक्ता करणार.

५ मार्च
तक्ता झाला. चार रंगांत. बायको म्हणाली, तीन टक्क्यांसाठी एवढा काथ्याकूट? तिला तत्त्व कळत नाही. आईने विचारलं, खुर्ची कधी येणार. म्हटलं, अभ्यास चालू आहे.

६ मार्च, सकाळी ११
विक्रेत्याशी फोनवर बोललो. अत्यंत सालस माणूस. वारलेल्या वडिलांची खुर्ची आहे म्हणाला, आणि फोनवरच रडला. मला काका म्हणतो. 'ओळखीचे'मधून पाठवा, तुमची फी वाचेल, हे त्यानेच सुचवलं. स्वतःचा काडीचा फायदा नसताना! माणूस ओळखण्यात मी चुकत नाही.

११.४०
पाठवले. सगळे. ॲपने विचारलं, या व्यक्तीला ओळखता का? 'हो' दाबलं. ताईला मुद्दाम कळवलं.

१० मार्च
खुर्ची नाही. ट्रान्सपोर्टवाल्यांचा गोंधळ. दुसरं काय.

१३ मार्च
त्याचा फोन बंद. बिचारा अजून दुःखात असेल. आईने बाहेर जायच्या चपला पुसून दाराशी ठेवायला लावल्या. मी त्या उचलून कपाटात टाकल्या. उगाच धूळ बसते.

१७ मार्च
ॲपच्या मदत केंद्राला फोन. चाळीस मिनिटं संगीत. मग एक मुलगी म्हणाली, ओळखीच्या माणसाला दिलेले पैसे आम्ही परत मिळवून देत नाही. म्हटलं, मी त्याला ओळखत नाही. ती म्हणाली, सर, तुम्हीच 'हो' म्हटलंय. बोलायची पद्धत नाही. उद्या कडक पत्र लिहिणार.

१८ मार्च
पत्र लिहिलं नाही. आईला सांगितलं. आधी ट्रान्सपोर्टचं, मग ॲपच्या नियमांचं, शेवटी खरं. ओरडेल म्हणून थांबलो. ओरडली नाही. म्हणाली, तू हे काम अंगावर घेतलंस तेव्हाच मी पैशांवर पाणी सोडलं होतं. बाहेर जाता येईल, असं मात्र उगाच वाटत राहिलं.

लाज वाटली. फार वाटली.

मग म्हणाली, खिडकी तरी उघड.

उघडली. तेवढं जमलं.