चकतीचे चार नट

लडलो,
१९ मार्च २००६

प्रिय क्लाइव,

तुझं नाताळचं कार्ड वेळेवर मिळालं. उत्तर द्यायचं नेहमीसारखं राहून गेलं. तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालतो. सॅस्कटूनला अजून बर्फ असेल. इथे नाही. नदीचं पाणी बागेच्या खालच्या कुंपणापर्यंत आलं होतं, परवा उतरलं.

बाबा गेल्याचं फोनवर सांगितलंच होतं. अंत्यविधीला चौदा माणसं आली. त्यांच्या कारखान्यातले आता तिघंच उरलेत.

आज दुपारी गाडीचे एअर फिल्टर धुतले. हो, आपली गाडी अजून आहे. दर मार्चमध्ये फिल्टर काढतो, केरोसीनमध्ये बुडवतो, मग साबणाच्या पाण्यात, काळं पाणी येईनासं होईपर्यंत पिळतो. दोरीवर वाळले की तेल चोळून पुन्हा बसवतो. खरं म्हणजे गरज नसते. गेल्या वर्षी ती जेमतेम ऐंशी मैल चालली. तरी करतो.

तुला आठवत असेल, खोक्यांतून तिचे भाग आले तेव्हा आई म्हणाली होती, "ह्यातून गाडी झाली तर मी तिच्यात बसून चर्चला जाईन." दोन हिवाळे लागले. वायरिंग तुझं, इंजिन माझं, आणि बाबा स्टुलावर बसून दोघांच्या चुका काढणार. आई चर्चला गेलीही, डोक्याला रुमाल घट्ट बांधून.

आता जे लिहायचं आहे त्याकडे येतो.

चौऱ्याऐंशीच्या जूनमधला तो रविवार. क्ली हिलच्या उतारावर तू गाडी चालवत होतास, बाबा शेजारी. तू अॅक्सिलरेटरवरून पाय उचललास आणि वेग कमी झाला नाही. वळणावर तू ती बांधावर घातलीस. तुला खरचटलं, बाबांचं कंबरेचं हाड मोडलं. त्यानंतर ते कारखान्यात लेथपुढे कधी उभे राहिले नाहीत.

हॉस्पिटलात तू त्यांना सांगत होतास, "बाबा, अॅक्सिलरेटर अडकला होता." ते म्हणाले, "गाडीचं काही अडकलं नव्हतं. तुझा पाय अडकला होता." पबमध्ये पुढे ते टोमण्याचं वाक्यच झालं. तू आत आलास की कुणीतरी विचारायचं, "काय क्लाइव, सुटला का पाय?"

तू मला गॅरेजात विचारलं होतंस. मी गाडी उघडून बसलो होतो. तू दारात उभा होतास. "नेव्हिल, तू सगळं खोलून पाहिलंस ना? काही सापडलं?"

मी म्हणालो, "काही नाही."

सापडलं होतं. फिल्टरच्या मागची चकती कार्बोरेटरच्या तोंडाला चार नटांनी आवळलेली असते. नट फिल्टरच्या आत येतात, म्हणून एखादा सुटला तर त्याला जायला एकच वाट असते. चौथा नट आतल्या झडपेच्या फटीत बसलेला होता. पाय उचलला तरी झडप मिटूच शकत नव्हती.

फिल्टर आदल्या दिवशी, शनिवारी, मीच धुतले होते. नट सैल होऊ नये म्हणून त्याखाली दर वेळी नवा दातेरी वॉशर घालायचा, हा बाबांचा नियम. माझ्याकडे तीनच होते. दुकान बंद झालं होतं आणि क्रिकेटच्या मॅचला माझी वाट बघत होते. चौथा नट मी तसाच आवळला. सोमवारी आणू म्हटलं.

तो नट चिमट्याने काढला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. नवा लावला. गुरुवारी कचरागाडी तो घेऊन गेली.

सुरुवातीला घाबरलो होतो. पण सगळं भीतीवर ढकलत नाही. तू ऑक्टोबरात कॅनडाला गेलास, आणि नंतर भीती अशी उरली नव्हती. घरात मी कामाचा आणि तू वाया गेलेला, अशी वाटणी झाली होती. मला ती सोयीची गेली. आई वारली तेव्हा तू आलास. बाबा तुझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलले नाहीत. मी सगळ्यांना सँडविच वाटत होतो.

जानेवारीत बाबांची छाती भरली. एका सकाळी, अकराच्या सुमारास, मी त्यांची दाढी करत होतो. ठरवलं नव्हतं. साबण लावता लावता सांगून टाकलं, वॉशरपासून डब्यापर्यंत.

ते म्हणाले, "ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"कुबड्या घेऊन पहिल्यांदा गॅरेजात गेलो तेव्हापासून. तू बाहेर होतास. फिल्टर काढून ठेवलेले होते. तीन नट काळे आणि एक कोरा. जन्मभर मी दुसरं काय केलंय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तो तर गेलाच होता. तुलाही घालवून मी चहा कुणाच्या हातचा प्यालो असतो?" मग त्यांनी मान वळवली. "ही बाजू राहिली."

मी ती बाजू केली. नऊ दिवसांनी ते गेले. तुझ्यासाठी काही निरोप दिला होता असं लिहिलं तर तुला बरं वाटेल. दिला नाही. दोनदा विचारलं. एकदा त्यांनी झोपेचं सोंग केलं, एकदा म्हणाले, "आता काय सांगायचं त्याला."

गेल्या शुक्रवारी पबमध्ये उभं राहून सगळं सांगितलं. दहाबारा जण होते. म्हातारा ओर्विल, जो तुला सगळ्यात जास्त छळायचा, ग्लास खाली ठेवून माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "आणि इतकी वर्षं तू आमच्याबरोबर हसत होतास?" मी हो म्हणालो. त्याने आपला ग्लास उचलला आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला. त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मी माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि बावीस वर्षांनंतर तेवढाही भार तुझ्यावर नको. बाबांना ठाऊक होतं, हे मात्र तुला कळायला हवं होतं. ते चांगलं वाटेल की आणखी वाईट, मला सांगता येत नाही. मी स्वतःपुरतंही अजून ठरवू शकलेलो नाही.

ग्रेटाला आणि मुलींना सांगायचं की नाही, ते तू बघ. मुलींची नावं मला कार्डांवरूनच ठाऊक आहेत.

"तुझा भाऊ" असं दोनदा लिहून खोडलं. खाली नुसतं नाव लिहितो.

नेव्हिल