विहिरीकडची बाजू

९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. अकोला

आज रागाच्या भरात एका गोष्टीला हो म्हणून बसले. कोणाला सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहिते.

वाटणीसाठी शेंदूरजनाघाटला गेले होते. हक्कसोडपत्रावर सही करणार नाही, हे कुंदनला बाबांच्या तेरवीलाच बजावलं होतं. संत्र्याच्या बगिच्याचे दोन सारखे भाग पडले – पण विहीर एकाच भागात. दुसरा भाग ज्याला, त्याने पाणी मागायचं. धाकट्या भावाकडे झालं तरी मागायचंच. मी मागणार नाही. ती विहीर खोदली त्या वर्षी माझं बी.एड. राहिलं. बी.एस्सी.वरच लग्न झालं. हे आजवर बोलून दाखवलेलं नाही.

मी म्हटलं, चिठ्ठ्या टाकू.

भावजय मनकर्णा आतून म्हणाली, "नणदेले विहीर देऊन आमी टँकर बोलवावं काय?"

कुंदन हसला. "चिठ्ठ्या लेकरं टाकतात. पत्त्यावर होऊ दे. जो जिंकन तो बाजू निवडन. तीन पत्तीत मी मुरलेला, म्हणून पोकर खेळू. त्यात आपण दोगंही नवे. हाये हिंमत, ताई?"

जन्मात पत्त्यांना हात लावला नाही. तरी "आहे" म्हणाले. पाडव्याचा दिवस ठरला.

मूर्ख बाई.

१२ ऑक्टोबर

अमरावतीहून रागिणीचा फोन. कुंदनचीच मुलगी. "आत्या, शिकवू का तुले?" हा खेळ गेल्या दिवाळीत तिच्याच नवऱ्याने, अश्विनने, घरात आणला. बापाविरुद्ध शिकवतेस? – विचारलं. "तू नुसती बसून हरशील, ते नाही पाहवणार," म्हणाली.

प्रत्येकाच्या हातात दोन पानं. मग मधे पाच उघडी, दोघांची सामाईक. त्यांतून उत्तम पाच जुळवायची. पैसे नाहीत, चिंचोके. ज्याचे संपले तो हरला.

रागिणी म्हणते, मधली पानं उघडण्याआधीच, हातातल्या दोन पानांवर अर्धा खेळ होतो. मोठी जोडी आली तर खेळायचं. एक्का-राजा खेळायचा, एकाच रंगाचा असेल तर फारच चांगलं. एक्क्यासोबत भुक्कड पान असेल तर मोह आवरायचा – नवखे तिथेच फसतात. बाकी पॅक, म्हणजे पानं खाली.

हे पटलं. पेटी भरताना बाबा संत्रं असंच निवडत. डाग दिसला की बाजूला. दुसऱ्यांदा पाहायचं नाही.

१५ ऑक्टोबर

फोनवर सराव. रागिणी वैतागली. "आत्या, इतकं पॅक नको करू! सहा जणांत ठीक आहे. दोघांत दर डावाला चिंचोके टाकावेच लागतात, बसल्या बसल्या संपतील." मी म्हटलं, नियम तो नियम.

आणखी एक कळलं. तीन पत्तीत ओळीची पानं, म्हणजे सिक्वेन्स, कलरपेक्षा मोठी. पोकरमध्ये उलट – एका रंगाची पाच पानं सिक्वेन्सला मारतात. जन्मभर तीन पत्ती खेळलेला माणूस इथे चुकणार. कुंदनला सांगायला हवं.

१६ ऑक्टोबर

सांगणार नाही.

२२ ऑक्टोबर, पाडवा. शेंदूरजनाघाट

दुपारी ओसरीवर बसलो. पानं रागिणीने वाटली. मागे मनकर्णा आणि त्यांचा मुलगा विपुल, पहाऱ्यावर असल्यासारखे.

मी पॅक. पुन्हा पॅक. पुन्हा. कुंदन काहीही घेऊन खेळत होता आणि त्याला लागतही होतं. माझा ढीग उतरत चालला. "ताई, पॅक करायलेच आली काय अकोल्याहून?" सगळे हसले. तो हसला नाही. त्याला घाम आला होता. जिंकणाऱ्याला कसला घाम?

मूठभर चिंचोके उरले तेव्हा नियम सैल केला. राणी-गुलाम खेळले, सत्त्यांची जोडीही खेळले. ढीग परत आला, थोडा त्याच्यापेक्षा मोठाच झाला. मग बदामचा एक्का आणि बदामचा राजा हातात.

मधे बदामची नव्वी, इस्पिकची दश्शी, बदामची चौकी. मग किलवरचा गुलाम. शेवटी बदामची दुर्री. मी सगळे चिंचोके पुढे सारले. कुंदनने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि त्याचे सगळे सारले.

"सिक्वेन्स!" अठ्ठी आणि राणी आपटली. ढीग ओढू लागला. मनकर्णाने टाळी वाजवली.

"बाबा," रागिणी म्हणाली, "यात कलर मोठा असतो."

त्याने पत्ते भिरकावले. असला कसला खेळ म्हणून ओरडला, अश्विनला शिव्या दिल्या. विपुल माझ्याशी बोलेना. मनकर्णा म्हणाली, "घ्या बाई. यायले पत्त्यापुढं शुद्धच राहात नाई."

विहिरीकडची बाजू मागितली. जेवण गेलं नाही. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

ओवाळताना घरात आम्ही दोघंच. न राहवून सांगितलं – तुला कलरचं माहीत नाही, हे मी धरूनच चालले होते.

"मालूम होतं, ताई. अश्विननं मागच्या दिवाळीतच सांगतलं. तू सगळे चिंचोके लावले तवाच समजलो, तुले कलर लागला. रागिणीले तुया मांगं म्याच लावलं. पण तू सारंच पॅक करत होती. मानसानं हरावं कसं?"

मी ओवाळणीचं तबक खाली ठेवलं.

"पत्त्यात हरलो, हे घरात सांगता येते. बहिणीले देलं, हे नाई सांगता येत." मग खाली पाहून, "तुयं बी.एड. मले आठवते."

ओवाळणीत मिळालं : विहिरीवरच्या मोटरच्या खोलीची किल्ली, एक.

माझ्याकडून : एक दिवसाआड पाणी त्याच्या बाजूला. त्याने न मागता.