कुंडीवर आलेला फोन

प्रिय भावोजी,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. तुमचा गुडघा काय म्हणतो? आम्ही दोघं ठीक, म्हणजे गोळ्या वेगवेगळ्या आणि कुरकुर एकच. मोबाइल असताना पत्र कशाला, असं वाटेल. मोबाइलवर मी काय लिहिते ते तुमचे दादा खांद्यावरून वाचतात. कागद निदान त्यांना चष्मा सापडेपर्यंत लपवता येतो.

झालं असं, आमच्या कुकरची शिट्टी रुसली. नेटवर उपाय शोधायला गेले, तर कुणा भल्या माणसाने जुने, हरवलेले आवाज जमवून ठेवलेले सापडले. कॅसेट मागे फिरतानाची किरकिर, रेडिओवर स्टेशन लागण्याआधीची खरखर, टाइपरायटरची ओळ संपल्याची घंटी! (ती ऐकून माझा डावा हात आपोआप उठला आणि चहा सांडला. उभी नोकरी टायपिस्टची, हात कसा विसरेल?) कुकर राहिला बाजूला, मी ऐकतच बसले. आणि मग मिळाली टेलिफोनची घंटी. आपल्या त्या काळ्या, जड फोनचीच जणू. मी आवाज मोठा केला.

बाथरूमचं दार धाडकन उघडलं. अर्ध्या गालावर फेस, खांद्यावर टॉवेल, एकाच पायात चप्पल, अशा थाटात तुमचे दादा जे सुटले ते थेट कोपऱ्यातल्या तिवईपाशी. (हेच दादा, ज्यांना दाराची बेल ऐकू येत नाही आणि 'कचरा टाकून या' तर मुळीच नाही.) तिवईवरचा फोन जाऊन जमाना झाला, तिथे आता मनी प्लांटची कुंडी आहे. त्यांनी कुंडीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बोल रे धाकट्या!"

मी हसत सुटले. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि ती घंटी बंद केली.

"बघतेस काय? पाणी घालायला आलो होतो," म्हणाले. आणि घातलंही, तांब्याभर. मी सकाळीच घातलं होतं, त्यामुळे ते सगळं फरशीवर आलं.

भावोजी, तो रविवार होता. रविवारी तुमचा फोन यायचा, तो नेमका यांची दाढी अर्धी झालेली असताना. बोलायचात तरी काय? हवा, क्रिकेट, कुणाचा दात काढला. तुमचं आटपेपर्यंत फेस गालावर वाळून जायचा आणि मी नाश्ता झाकून बसायची. तेव्हा राग यायचा.

'डाव्या कुशीवर झोपल्याने स्मरणशक्ती वाढते' असं यांनी घरच्या ग्रुपवर टाकलं, तुम्ही सगळ्यांदेखत 'दादा, हे खोटं आहे' म्हणून पुरावा जोडलात, आणि हे ग्रुप सोडून गेले. तेव्हापासून तुमचा रविवारचा फोनही बंद. बरोबर तुमचंच होतं (तोंडी विचाराल तर नाही म्हणेन). पण ते अजून डाव्या कुशीवरच झोपतात हो. खांदा दुखतो, तरी हट्टाने.

माझ्या जावेला आशीर्वाद.

तुमची,
वहिनी

ता. क. येत्या रविवारी फोन करा. मी सांगितलं असं सांगू नका. पत्र पेटीत टाकायला यांच्याच हाती देतेय, घरात दुसरं आहे कोण? पाकीट घट्ट चिकटवणार आहे.

ता. क. धाकट्या, वाफेवर धरलं की कुठलंच पाकीट घट्ट नसतं. मी धावलो नव्हतो, चालत गेलो होतो. फोन करू नकोस. फोनवर नीट भांडता येत नाही. शनिवारच्या गाडीने आम्ही दोघं येतोय. हिला अजून सांगितलेलं नाही. — दादा