फळ्याचा कोपरा

मंगळवार, संध्याकाळ

रियाचा बाप आज शाळेच्या गेटवर उभा होता. त्याच्या मारहाणीला कंटाळूनच तिची आई तिला घेऊन गुपचूप विक्रोळीला आली होती. आणि त्याला शाळा सापडली ती माझ्या ब्लॉगवरून.

वर्गात गोष्ट सांगणाऱ्या रियाचा फोटो मी टाकला होता. नाव दिलं नाही, चेहऱ्यावर फूल चिकटवलं. पण गोष्ट तिच्याच शब्दांत लिहिली, घरच्या लंगड्या पोपटासकट. आणि मागे फळा. कोपऱ्यात शाळेचं नाव, इयत्ता, तुकडी. कोपरा भरल्याशिवाय धडा सुरू करायचा नाही, ही माझ्या बाबांनी मला घरी शिकवताना लावलेली सवय.

साताऱ्याच्या एका शिक्षिकेने खाली लिहिलं होतं, "झकास पाठ! पण फळ्याचा तो कोपरा काप गं." वाचलं होतं मी. कौतुक होत होतं, म्हणून पोस्टला हात लावला नाही. एवढ्याशा कौतुकासाठी?

वॉचमनने त्याला हाकललं. पण तो उद्या येईलच.

रियाच्या आईला मी सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"दाखला द्या, बाई. पुढची शाळा कुठली, ते मात्र तुम्हाला नाही सांगणार."