न घेतलेला विषय

सर, काल दुकानात एक मुलगी आईबरोबर ड्रेसचं कापड बघायला आली होती. हात मोकळे व्हावेत म्हणून तिने हातातलं पुस्तक गादीवर ठेवलं. पहिल्या वर्षाचं तत्त्वज्ञानाचं पुस्तक होतं. मी विचारलं, "आवडीनं घेतला का विषय?" ती म्हणाली, "नाही ना दादा, दुसरीकडे जागाच नव्हती." आईला वाटलं मी टोमणा मारला, म्हणून तिने घाईने सांगितलं, "पण तिचं अर्थशास्त्र आहे हो मेन." मी थान उलगडत राहिलो. त्यांनी काय पसंत केलं, ते आता आठवत नाही.

मीही तुमच्या वर्गात तसाच आलो होतो. अर्थशास्त्र घेतलं होतं, एक भाषा होती, तिसरा विषय सुचत नव्हता. प्रवेशाच्या खिडकीतले बाबू म्हणाले, "तत्त्वज्ञान टाकू का? तिथं सगळेच पास होते." सायकल स्टँडशेजारची ती शेवटची खोली, एका बाजूने कलंडलेला फळा, आणि आम्ही बहुतेक सगळे अर्थशास्त्राचे. तुम्ही पहिल्या दिवशी विचारलंत, "इथं कोणी आवडीनं आलं आहे का?" एकही हात वर झाला नाही. तुम्ही खूश झालात. म्हणालात, "छान. म्हणजे या वर्गात खोटं बोलणारं कोणी नाही. अर्धा अभ्यासक्रम आजच संपला."

तुमचा एक नियम होता. उदाहरण पुस्तकातलं घ्यायचं नाही, या खोलीतलं घ्यायचं. पारशिवनीहून येणारा माझा मित्र पहिल्या तासाला कधीच पोचायचा नाही आणि त्याची हजेरी मी लावायचो. तुम्हाला ते कळलं तेव्हा तुम्ही रागावला नाहीत, त्यावरच तास घेतलात. मी हजेरी लावतो ते योग्य की अयोग्य? मित्र उभा राहून म्हणाला, "सर, एसटी उशिरा येते, त्यात माहा काय दोष? यानं हजेरी लावली तर नुकसान कोणाचं झालं?" तुम्ही म्हणालात, "नुकसान नाही म्हणून चांगलं, हा एक रस्ता झाला. आता याले विचारा, रोज खोटं 'हजर' म्हणताना याच्या पोटात काय होते?" सगळे माझ्याकडे बघतात. माझे कान तापतात. मागून कोणीतरी म्हणतं, "सर, याच्या पोटात तर नुसतं नाव विचारलं तरी गोळा येते." तुम्हीही हसता. त्या हसण्यात मीही असतो, हे मला तेव्हा नवीन होतं.

अर्थशास्त्रात सगळं सोपं होतं. माणूस ज्यातून जास्त समाधान मिळतं ते निवडतो, पुढे आलेख. का निवडतो, असं तिथं कोणी विचारत नसे. तुमच्या तासाला फक्त तेवढंच विचारलं जायचं. मी घाबरून गाइड पाठ केलं. चाचणीचा पेपर तुम्ही परत दिलात तेव्हा त्यावर गुणांऐवजी एक ओळ होती, आणि तीच तुम्ही मला तोंडी पण ऐकवलीत: "शुद्धलेखनाची एकही चूक नाही. आणि तुझं एकही वाक्य नाही." घरी गेल्यावर मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र वर्गात बोलायला लागलो, आधी घरी दोनदा म्हणून बघून.

मग मार्चमधला तो तास. तुम्ही तासिका तत्त्वावर होतात, म्हणजे जितके तास घ्याल तितकेच पैसे, आणि विषयाला मुलं कमी पडली तर तासच नाहीत, हे आम्हाला ऐकून माहीत होतं. आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षी विषय बदलता यायचा. त्या दिवशी तुम्ही खडू खाली ठेवलात आणि म्हणालात, "आजचं उदाहरण मी आहे. पुढच्या वर्षी तुम्ही पुरेसे नसाल तर माझा वर्ग बंद होईल. माझ्यासाठी तुम्ही हा विषय ठेवावा का?"

पारशिवनीचा मित्र लगेच म्हणाला, "ठेवतो ना सर! तुमची नोकरी राह्यली पायजे."

"काहून गा, तू मले दान करून राहिला का?"

"दान नाही जी," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "पेपर सोपा राहते म्हणून."

"हे उत्तर प्रामाणिक आहे," तुम्ही म्हणालात, आणि हसू विरल्यावर माझ्याकडे वळलात. "तू सांग."

मी उभा राहिलो. म्हणालो की दया म्हणून विषय ठेवला तर आपण सरांना शिक्षक समजत नाही, मदतीची गरज असलेला माणूस समजतो. आणि विषयालाही विषय समजत नाही, तो नुसता निमित्त होतो. ज्याला शिकायचं असेल त्यानंच तो घ्यावा. मी कुठे अडलो नाही. तुम्ही खाली ठेवलेला खडू उचललात. मग म्हणालात, "बरोबर. याच्याइतकं नीट मलाही मांडता आलं नसतं." तुमच्या पोटापाण्याची गोष्ट होती, सर, आणि तुम्ही हे अगदी शांतपणे म्हणालात.

जूनमध्ये प्रवेशाच्या त्याच खिडकीपाशी मी तत्त्वज्ञानाऐवजी समाजशास्त्र लिहिलं. माझ्या मागे मित्र उभा होता. त्यानेही तेच लिहिलं. मी विचारलं, "तू तर ठेवणार होता ना?" तो म्हणाला, "तूच तर सांगतलं गा, दया नाही करायची म्हणून." वर्गाला दोन मुलं कमी पडली. जुलैत त्या खोलीत जुनी बाकं रचून ठेवली होती.

पुढे माझंही शिक्षण धड झालं नाही. वडिलांच्यानं काम होईना, तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या मध्येच कॉलेज सोडून मी गांधीबागेत या कापडाच्या दुकानात लागलो. तिथं तुम्ही एकदा अचानक आलात. सावनेरला भावाचं दुकान होतं, त्याच्यासाठी शाळेच्या गणवेशाचं कापड न्यायला. मला ओळखून तुम्ही आधी मोठ्यानं हसलात. "काय गा, अर्थशास्त्र काय म्हणते?"

"सोडलं, सर."

"मीही सोडलं शिकवणं. म्हणजे दोघंही एटीकेटी." मग खाकी कापड चिमटीत धरून विचारलंत, "हे धुतल्यावर आटणार तर नाही ना? खरं सांगजो, तू माझा विद्यार्थी आहे." मी म्हणालो, थोडं आटेल. तुम्ही दुसरं घेतलंत. गठ्ठा बांधून देताना मी कसंबसं विचारलं, "सर, माझा राग तर नाही ना आला?"

"काहून येईन? तू बरोबर होता." आणि गठ्ठा काखेत घेऊन तुम्ही गर्दीतून रिक्षाकडे गेलात. कॉलर मागून विरली होती. मी गल्ल्याशी उभा राहून तुमची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत होतो. हाक मारायला वेळ होता. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. मित्रानं फोनवर सांगितलं, तेही महिनाभरानं, दुसऱ्याच कशाबद्दल बोलताना.

तेव्हापासून इतक्या वर्षांत मी स्वतःला एकच गोष्ट सांगत आलो. मला विषय आवडत होता की तुमची दया येत होती, हे मला वेगळं करता येईना, म्हणून मी तो सोडला. हे कोणाला सांगितलं तर चांगलं वाटतं. एकदा बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "इतका विचार कोणी करते का हो?" आणि मला ते कौतुकासारखं वाटलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, त्यामुळे इथं तरी खरं लिहितो. खिडकीपाशी उभा होतो तेव्हा मला तुमचाच विषय हवा होता. आवडत होता म्हणून हवा होता, आणि त्यात मला काहीही शंका नव्हती. पण तुम्ही सगळ्यांसमोर मला "बरोबर" म्हणाला होतात. तोपर्यंत मला तसं कोणी म्हटलं नव्हतं. विषय घेतला तर सगळ्यांना ती दयाच वाटेल आणि तो शब्द परत करावा लागेल, असं वाटलं.