लाल पेन्सिलीच्या खुणा

बेलफास्ट
४ सप्टेंबर १९८३

चि. आयव्हर यास,
मर्विनचे अ. आ.

काल पहाटे गोदीचा भोंगा ऐकू आला. हल्ली तो वाजत नाही, तरी आला. आपण तिघं भावंडं एका पलंगावर. भोंगा होताच तिघांचेही डोळे एकदम उघडायचे, आणि खाली आई तव्यावर सोडा ब्रेड उलटत असायची. शाळेतली मास्तरकी संपल्यापासून माझ्या कानात असंच काहीबाही येतं. कधी भोंगा, कधी पोरांनी एका सुरात म्हटलेली कविता.

शनिवारी, २४ तारखेला, आईच्या थडग्यावर शिळा बसवायची आहे. दगड उचलायला पाथरवट आहे, पण शेजारी पोटची पोरं हवीत. मार्चमध्ये दफनाला तुम्ही दोघंही आला नाहीत. तू जिनिव्हाहून तार केलीस, हेझेलने ग्लासगोहून. एकाच दिवशी, 'येणे जमत नाही'. आईला येणारी तुमची पत्रंही एकाच हिवाळ्यात बंद झाली होती. तुझं आणि शेंडेफळाचं आधीच ठरलेलं होतं, एवढं मला कळतं. गणित तू शिकलास म्हणून मी ढ नाही.

आईसाठी तरी ये. लोभ उरला असेल तेवढा सांभाळ.

तुझा दादा,
मर्विन


जिनिव्हा
१२ सप्टेंबर १९८३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आमचं काहीही ठरलं नव्हतं. हेझेलचा हल्लीचा पत्तासुद्धा माझ्याकडे नाही.

मी इथे नेमकं करतो काय, असं तू नेहमी कुत्सितपणे विचारायचास. ऐक. प्रकाशाचे दोन कण एका ठिकाणी जन्मतात आणि विरुद्ध टोकांना जातात. तिथे प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा. कोणता, ते ऐन वेळी ठरतं, एकमेकांना कळवायला सवड नसते. एका टोकाचा कागद वाचलास तर नुसता गोंधळ. दोन्ही शेजारी ठेवले की उत्तरं जुळतात, आणि अशी जुळतात की घरून निघतानाच ती त्यांच्या खिशात घालून दिली होती, असं म्हणायची सोय राहत नाही. आपल्याच गावच्या बेल नावाच्या शास्त्रज्ञाने हे साध्या हिशेबाने सिद्ध केलं.

आम्ही दोघांनी मात्र उत्तर घरूनच आणलं. आईला लिहिलेलं प्रत्येक पत्र तू लाल पेन्सिलीने तपासून परत पाठवायचास. मला मुलगी झाल्याचं कळवलं, तर समासात तुझा शेरा, 'अक्षर सुधारावे'. हेझेललाही तसेच लिफाफे जात असणार. हे समजायला माझं विज्ञान लागत नाही.

त्या विज्ञानाचीही एक बाजू कच्ची आहे. बहुतेक कण आमच्या हातून निसटतात. सापडलेल्यांवरून निसटलेल्यांचं उत्तर आम्ही गृहीत धरतो, आणि टीकाकार तिथेच पकडतात.

मी येणार नाही. शिळेवर चूक नसेल, याची खात्री आहे.

लोभाविषयी काय लिहू? पत्ता जुनाच आहे.

आयव्हर


बेलफास्ट
२३ सप्टेंबर १९८३

चि. आयव्हर यास,
आशीर्वाद, मागितले नसलेस तरी.

तुझ्या पत्रात दोन चुका आहेत. खुणा केलेल्या नाहीत.

चूक दाखवणं म्हणजेच माया, असं मी समजत आलो. कवितेची एक ओळ एका पोराने चुकीची म्हटली तर मला दिवसभर टोचायची. आईचे डोळे गेल्यावर तुमची पत्रं मीच वाचून दाखवायचो. ती म्हणायची, दिसत नसली म्हणून काय झालं, उशाशी असू देत. मी म्हणायचो, अशी चुकांसकट कशी ठेवायची.

हेझेलचं उत्तर नाही. तुझं 'नाही' आलं, त्यात तिचंही आलंच. पाथरवटाला सांगून टाकलंय, घरचा मी एकटाच असेन.

दारावर कोणी आहे. थांब.

हेझेल आली आहे. ग्लासगोहून निघून सकाळच्या बोटीने. केस सगळे पांढरे. तू आलास का, म्हणून तिने विचारलं. तुझा नकार सांगितला, तर म्हणाली, मग माझाही तूच लिहून टाकला असशील. आत ये म्हटलं, तर म्हणते आईसाठी आलेय, तुझ्यासाठी नाही, उतरलेय लॉजवर. मी कागदाकडे परत आलो.

ती अजून उंबऱ्यातच उभी आहे. हातात मी परत पाठवलेल्या लिफाफ्यांची जुडी आहे. म्हणते, उद्या शिळेखाली आईजवळ ठेवायचे आहेत. त्याआधी पुन्हा एकदा तपासून घेतोस का.