गुहेतला लहान हात

२० फेब्रुवारी १९९१
पोचलो एकदाचे! जालन्याहून सौराष्ट्राचा किनारा म्हणजे हाडं खिळखिळी झाली. पण समुद्र दिसताच आमची चार वर्षांची भवानी, नंदा, चपला टाकून पळत सुटली. आमचे हे, गिरिधर, इथल्या उत्खननात फोटो काढायला लागलेत. खोलीत नळाला रोज पाणी! जुन्या जालन्यात ते आठवड्यातून एकदा येतं, म्हणून मी उगाचच दोनदा आंघोळ केली.

२१ फेब्रुवारी
ओहोटीत चालत गुहेत गेलो. पांढुरकी चुनखडी, मातीत शिंपले, हाडं, दगडी हत्यारं. आणि छताजवळ हजारो वर्षांपूर्वीचे लाल पंजे. मला अगदी घरच्यासारखं वाटलं. वास्तुशांतीला आपणही दाराशी कुंकवाचे हात उमटवतोच की! हे बाहेर होते तेवढ्यात कुंकू कालवलं. माझा हात खांद्याच्या उंचीवर उमटवला, नंदाचा तिच्या उंचीवर, खाली. हे भयंकर चिडले. पुसायला गेले, पण दगडानं कुंकू पिऊन टाकलं होतं.

२३ फेब्रुवारी
जेवताना नंदाचा उजवा हात एकदम गार पडला. बोटं भिजल्यासारखी सुरकुतली. डॉक्टर म्हणाले, पाण्यात खेळली असेल. ती तर माझ्या मांडीवर होती.

२४ फेब्रुवारी
भरती रोज वर चढतेय. आज गुहेत नंदाचा पंजा बुडाला, यांनी तिथून पाहिलं, आणि त्याच वेळी इकडे तिचा श्वास कोंडला. तोंडातून खारं पाणी आलं. पाणी उतरलं तेव्हा रडली.
त्या लोकांनी हात एवढ्या वर का उमटवले ते आता कळलं. आम्ही कोरड्या मुलखातली माणसं, आम्हाला कुठलं सुचायला!
यांनी ठसा खरवडायला घेतला. पहिल्याच घावाला, इथे खोलीत, नंदाच्या तळहाताची साल निघाली.

२५ फेब्रुवारी
नंदाला घेऊन जालन्याला निघाले. समुद्रापासून जितकं लांब जाता येईल तितकं. हे मागे राहिलेत, ठशापुढे वाळूची पोती रचायला.

२७ फेब्रुवारी, जालना
काही उपयोग नाही. इथेही तसंच — आज जास्त वेळ. सासूबाई ओली गादी चाचपत म्हणाल्या, "नळाला पाणी न्हाई, मंग हे कुठून येऊन राह्यलं?" माझ्याच हातानं मी —

२८ फेब्रुवारी, पौर्णिमा
शेजारच्या दुकानात यांचा फोन. पोती वाहून गेली. आज सगळ्यात मोठी भरती. पाणी किती वेळ राहील, त्यांना सांगवेना.

नंदा मांडीवर. पाठ चोळतेय. दुसऱ्या हातानं लिहितेय, नाहीतर किंचाळेन —

ओठ निळे. माझ्याकडे बघतेय. आई आहे म्हणजे होईल ठीक, असंच —

माझ्या मनगटाला गार लागलं.

म्हणजे पाणी माझ्या पंज्यापर्यंत — तिचा तर कितीतरी खाली — देवा, अजून चढतंय, माझी बोटं